बागाईतातील वाळुंज : त्याची जागा आणि जोपासना

वृक्ष लावावेत की नाही, याविषयी खेड्यापाड्यांतून आता वाद उरलेला नाही. १९५० साली देशात वनमहोत्सवास आरंभ झाला आणि तेव्हापासून वृक्षारोपणाचा विचार गावोगाव पोचला. परंतु कोणते झाड कोणत्या जागी लावावे, हा त्यापुढचा आणि अधिक महत्त्वाचा प्रश्न मात्र पुष्कळदा मागे पडतो. झाड चांगले असले म्हणजे ते कोठेही चांगलेच, अशा समजुतीने लागवड केली जाते. आणि मग काही वर्षांनी तेच झाड नकोसे होऊन त्यावर कुऱ्हाड पडते. यात दोष झाडाचा नसतो, जागेच्या निवडीचा असतो.

वाळुंजाच्या बाबतीत ही गोष्ट विशेष खरी आहे. ओढ्याच्या काठी वाळुंजासारखा राखणदार क्वचितच मिळेल, आणि विहिरीच्या कडेस त्याच्याइतका उपद्रवी सोबतीही क्वचितच मिळेल. बागाईतदारांनी वाळुंज अवश्य लावावा. पण तो मळ्याच्या मध्यभागी नव्हे, तर मळ्याची कड जेथे ओढ्याला किंवा नदीला भिडते तेथे लावावा. आणि तो लावल्यावर किती खुंट रोवले याचा नव्हे, तर किती काठ टिकला याचा हिशेब ठेवावा.

वाळुंज म्हणजे कोणते झाड?

वाळुंज हा विलो कुळातील वृक्ष असून त्याचे शास्त्रीय नाव सॅलिक्स टेट्रास्पर्मा असे आहे. विलो म्हटले की थंड प्रदेशातील झाड डोळ्यांपुढे येते. पण वाळुंज हा याच भूमीतला आहे. सह्याद्रीच्या ओहोळांपासून देशावरील नद्यांच्या काठांपर्यंत, जेथे मुळाशी ओल टिकते तेथे तो आपोआप वाढतो. महाराष्ट्रात वाळुंज हे गावाचे नाव म्हणून आढळते आणि आडनाव म्हणूनही आढळते. तेव्हा हे झाड शेतकऱ्यांस परके नाही.

त्याची उंची मध्यम असते. पाने लांबट व टोकदार असून त्यांच्या कडेस बारीक दाते असतात. पानाची वरची बाजू हिरवी, तर खालची फिकट असते. फुले लहान असून लोंबत्या तुऱ्यांत येतात. नर फुले एका झाडावर व मादी फुले दुसऱ्या झाडावर, अशी त्याची रचना असते. बियांना कापसासारखे तंतू असल्याने त्या वाऱ्याबरोबर दूर जातात. परंतु त्यांची उगवणशक्ती फार थोडे दिवस टिकते. ताज्या ओल्या गाळावर वेळीच पडलेले बीजच काय ते रुजते. म्हणून बियांची साठवण करून वाळुंजाची रोपे करणे कठीण आहे. याउलट फांदीचा तुकडा ओल्या मातीत रोवला, तर त्यास सहज मुळ्या फुटतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. कारण रोपवाटिकेची वाट न पाहता गावातील झाडावरूनच लागवडीचे साहित्य मिळू शकते.

सातबारावर आहे, पण जमिनीवर नाही

ओढ्याकाठची जमीन ही गावातील उत्तम जमीन होय. कृष्णाकाठी तिला मळीची जमीन म्हणतात आणि तिचे मोल सर्वांस ठाऊक आहे. हीच जमीन दर पावसाळ्यात कडेकडेने कमी होत असते. एखाद्या मळ्याची ओढ्याकडील कड ३०० फूट लांब आहे आणि दर वर्षी सरासरी एक फूट काठ ढासळतो, असे धरले तर वर्षाला ३०० चौरस फूट जमीन जाते. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. अर्थात चार वर्षे पुरी होण्याच्या आतच एक गुंठा जमीन पाण्याबरोबर निघून जाते. सातबाराच्या उताऱ्यावर मात्र क्षेत्र पूर्वीइतकेच राहते. एक फुटाचे नुकसान त्या वर्षी डोळ्यांत भरत नाही, म्हणून त्याची दाद-फिर्याद होत नाही. पण वडिलांच्या वेळी असलेली बांधाची ओळ मुलाच्या वेळी पात्रात गेलेली असते.

२०१९ व २०२१ साली कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात, आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात व सोलापूर भागात आलेल्या पुरांनी हा प्रश्न ठळकपणे पुढे आणला. २०२५ च्या पुरात कित्येक ठिकाणी पिकाबरोबर मातीही खरडून गेली. गेलेले पीक पुढील हंगामात पुन्हा घेता येते. गेलेली माती एका पिढीत परत येत नाही.

काठ का ढासळतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. वळणावर प्रवाहाचा जोर बाहेरच्या काठावर पडतो व आतल्या काठाशी गाळ साचतो. बाहेरच्या काठाचा पायथा प्रथम पोखरला जातो आणि वरची माती आधाराशिवाय लोंबकळू लागते. पुढे पूर ओसरतो तेव्हा काठातील माती पाण्याने जड झालेली असते, पण तिला समोरून मिळणारा पाण्याचा आधार एकाएकी निघून जातो. मग मोठमोठी ढेपळे सुटून पात्रात कोसळतात. म्हणूनच पूर चढत असता न पडलेला काठ पूर उतरल्यावर पडतो. काळ्या जमिनीत ही आपत्ती अधिक; कारण उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडलेल्या असतात आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून आत उतरते.

वाळुंज काय करतो, काय करीत नाही

वाळुंजाच्या बारीक मुळ्यांचे दाट जाळे काठाच्या मातीत पसरते आणि तिला बांधून ठेवते. खोड काही दिवस पाण्यात बुडाले तरी हे झाड सहसा मरत नाही. उलट बुडालेल्या भागावर नव्या मुळ्या फुटतात. त्याच्या कोवळ्या फांद्या लवचिक असल्यामुळे पुराच्या पाण्यापुढे त्या वाकतात, काठालगतच्या प्रवाहाचा वेग कमी करतात आणि तेथे गाळ धरतात. दगडी भिंत काळाबरोबर जुनी होते, तर जिवंत काठ वर्षागणिक बळकट होतो.

तथापि वाळुंज महापूर अडवितो, असा समज कोणी करून घेऊ नये व करून देऊ नये. नदीने पात्र सोडून सारे शिवार व्यापले, तर काठावरची झाडांची रांग शेतातील माती वाहण्यापासून रोखू शकत नाही. त्यासाठी शिवारातील बांधबंदिस्ती, उताराला आडवी पेरणी व पाणलोटाच्या माथ्यापासूनची कामे हाच उपाय आहे. वाळुंजाचे काम नेहमीच्या पुरांपासून काठ राखण्याचे आहे. पण दर वर्षीचे नुकसान याच नेहमीच्या पुरांनी होत असल्याने हे काम लहान मानता येणार नाही.

जेथे लावू नये अशा जागा

विहिरीजवळ वाळुंज लावू नये. त्याच्या मुळ्या पाण्याच्या शोधात दूरवर जातात, बांधकामाच्या सांध्यांत शिरतात आणि दगड हलवितात. शिवाय पाने विहिरीत पडून कुजतात. जलवाहिनीचा सांधा थोडा जरी पाझरत असला, तरी मुळ्या तेथून आत शिरून नळ बंद करतात. घराच्या भिंतीजवळही हे झाड नको. काळी जमीन ओलीने फुगते व सुकल्यावर आकसते. पाण्याचा मोठा उपसा करणारे झाड पायाजवळ असले, तर उन्हाळ्यात माती अधिकच आकसून भिंतींना तडे जाण्याचा संभव असतो. यास्तव विहीर, घर व जलवाहिनी यांपासून निदान ५० फुटांचे अंतर राखणे शहाणपणाचे होय.

मातीच्या बंधाऱ्यावर किंवा पाझर तलावाच्या भरावावर कोणतेच मोठे झाड असू नये. वाळुंज तर नकोच. मुळ्यांच्या वाटेने, विशेषतः त्या कुजल्यावर, पाणी भरावातून पाझरू लागते आणि त्यातून भराव फुटण्याची भीती उत्पन्न होते. मोरीच्या अगर पुलाच्या तोंडाशीही लागवड करू नये; तेथे फांद्या व केरकचरा अडकून पाणी तुंबते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाळुंज काठावर लावावा, पात्रात लावू नये. या बाबतीत काश्मीरमधील वुलर सरोवराचे उदाहरण बोलके आहे. विसाव्या शतकात त्या सरोवराच्या उथळ भागात विलोची फार मोठी लागवड झाली. सरपण व लाकूड मिळावे, हा हेतू वाईट नव्हता. परंतु झाडांनी गाळ धरला, सरोवर उथळ होत गेले व आक्रसले. आणि अलीकडच्या वर्षांत ती झाडे लाखांच्या संख्येने काढून टाकण्याचे काम हाती घ्यावे लागले. ऑस्ट्रेलियातही नदीकाठ राखण्यासाठी बाहेरून आणलेले विलो इतके पसरले की, १९९९ साली त्या देशाने काही अपवाद वगळता सर्व विलोंची गणना राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांत केली. गाळ धरण्याचा जो गुण काठावर उपकारक, तोच पात्रात अपकारक ठरतो. वाळुंज या भूमीतला असल्यामुळे तो परक्या तणासारखा वागेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. परंतु अरुंद ओढ्याच्या मध्ये त्याचे खुंट रोवले, तर पाणी शेजाऱ्याच्या शेतात शिरेल, हे निश्चित.

शोभेच्या विलोविषयी

घरापुढील बागेत लोंबत्या फांद्यांचा विलो असावा, अशी हौस आता शहरांप्रमाणे गावांतही दिसते. हा विलो मूळचा चीनमधील आहे. बॅबिलोनचे झाड अशा समजुतीने त्यास सॅलिक्स बॅबिलोनिका हे नाव मिळाले, पण तो समज चुकीचा होता. थंड हवा व सतत ओल त्यास मानवते. देशावरील कडक उन्हाळ्यात त्यास जगविण्यासाठी पुष्कळ पाणी घालावे लागते. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे शोभेसाठी असे झाड लावणे योग्य नव्हे. लोंबत्या फांद्यांचीच आवड असेल तर लाल तुऱ्यांचा बॉटलब्रश त्यापेक्षा काटक आहे. मात्र तो विलो नव्हे, हे विकत घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

क्रिकेटची बॅट विलोच्या लाकडाची होते, म्हणून वाळुंजाला तसा भाव येईल, ही आशाही व्यर्थ आहे. बॅटीसाठी लागणारा विलो निराळ्या जातीचा असून काश्मीरच्या थंड खोऱ्यात तो पिकतो. तेथे विलोच्या काड्यांच्या टोपल्या विणतात आणि हिवाळ्यात ऊब देणारी कांगडीही त्याच काड्यांनी मढवितात. प्रत्येक प्रांताच्या झाडाचा उपयोग त्या त्या प्रांताच्या हवेशी व हातांच्या कसबाशी जोडलेला असतो. वाळुंजाचे लाकूड हलके व मऊ असते. त्यापासून सरपण मिळते, बारीक फांद्यांपासून टोपल्या करता येतात आणि पाला गुरांना घालता येतो. याहून अधिक उत्पन्नाचे आमिष दाखवून कोणी रोपे विकत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. विलोच्या सालीत सॅलिसिन नावाचे द्रव्य असते, हे खरे. परंतु औषधासाठी म्हणून खोडाची साल सभोवार काढली तर झाड वाळते, आणि घरगुती काढा हा वैद्यकीय उपचारांची जागा घेऊ शकत नाही.

लागवड कशी करावी

लागवडीसाठी खुंट घेण्याची वेळ पंचांगावरून नव्हे, तर झाडावरून ठरवावी. पाने झडलेली असून नवी पालवी अजून फुटलेली नाही, असा काळ सर्वांत चांगला. तो स्थलपरत्वे थोडा मागेपुढे होतो. निरोगी झाडाच्या, एक ते दोन इंच जाडीच्या फांद्या निवडाव्यात आणि त्यांचे तीन ते चार फूट लांबीचे खुंट करावेत. खालचे टोक तिरपे व वरचे सरळ कापावे, म्हणजे रोवताना वरखाली होण्याचा घोटाळा होत नाही. कोयता धारदार असावा. साल चिंबू नये. कापलेले खुंट त्याच दिवशी रोवावेत. ते शक्य नसल्यास सावलीत, पाण्यात बुडवून ठेवावेत.

खुंट एकाच झाडावरून घेऊ नयेत. एका झाडाचे सर्व खुंट सारख्याच गुणांचे निपजतात आणि त्यांचे नर अगर मादी असणेही एकच असते. एका रोगाने वा किडीने सगळी रांग एकदम जाऊ नये आणि पुढे नैसर्गिक बीजही धरावे, यासाठी निदान चार-पाच झाडांवरून साहित्य गोळा करावे. वाळुंजाच्या तुऱ्यांवर मधमाश्या येतात, हाही बागाईतदाराचा लाभच आहे.

काठ उभा व तुटका असेल, तर प्रथम त्याचा माथा खोदून उतार द्यावा आणि पायथ्याशी मोठे दगड रचावेत. पायथा उघडा ठेवून वर केलेली लागवड पहिल्याच पुरात मातीसह खाली येते. नंतर पहारीने भोक पाडून त्यात खुंट घालावा. ठोकून बसविला तर वरचे टोक फाटते. दोनतृतीयांश भाग जमिनीत व एकतृतीयांश वर राहील इतपत खोल रोवून भोवतालची माती घट्ट दाबावी. आत पोकळी राहिल्यास मुळ्या वाळतात.

खुंटांच्या दोन रांगा कराव्यात. एक पायथ्याच्या दगडांच्या वर व दुसरी काठाच्या मध्यावर असावी. रांगेतील अंतर तीन फूट ठेवून दुसऱ्या रांगेतील खुंट पहिल्या रांगेच्या मोकळ्या जागांसमोर येऊ द्यावेत. ३०० फुटांच्या काठास या मानाने सुमारे २०० खुंट लागतील. जेथे उन्हाळ्यात काठ पूर्ण सुकतो, तेथे मात्र खुंट थेट रोवणे फलदायी होत नाही. तेथे लहान छाट पिशव्यांत लावून, उन्हाळाभर पाणी देऊन, मुळ्या धरलेली रोपे पावसाच्या आरंभी लावावीत.

काठावर केवळ वाळुंजच असावा असेही नाही. पायथ्याजवळ वाळा, मध्ये वाळुंज, आणि माथ्यावर करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर किंवा बांबू अशी मिश्र रचना अधिक टिकाऊ ठरते. निरनिराळ्या खोलीवरच्या मुळ्या एकमेकींस पूरक होतात.

पहिली दोन वर्षे

लागवडीपेक्षा जोपासना कठीण, आणि लागवडीचा समारंभ झाल्यावर नेमकी तीच राहून जाते. वाळुंजाचा कोवळा पाला शेळ्या व गुरे आवडीने खातात. म्हणून लागवड झाल्याबरोबर बाभळीच्या किंवा बोरीच्या काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे. ज्या काठावरून गुरे पाण्यावर जातात, तेथे एक वाट मोकळी सोडावी. वाट न ठेवल्यास गुरे कुंपण मोडून स्वतःची वाट करतील. पहिल्या उन्हाळ्यात खुंटांभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करावे आणि जेथे ओल तुटते तेथे आठवड्यातून एकदा पाणी द्यावे. वाळवीचा उपद्रव दिसल्यास वाळलेले खुंट उपटून दूर करावेत. मावा व पाने खाणाऱ्या अळ्या काही वेळा दिसतात. बळकट झाड त्यातून पुन्हा फुटते. ओढ्याच्या पाण्यालगत विषारी औषध फवारणे टाळावे. तेच पाणी पुढे माणसे व जनावरे पितात. मेलेल्या खुंटांची जागा दुसऱ्या वर्षी न चुकता भरावी. रांगेतील एक खिंड सगळ्या काठाला घातक ठरते, कारण पाणी तेथूनच आत घुसते.

दुसऱ्या वर्षानंतर खालच्या रांगेला झुडूप म्हणून वाढू द्यावे. कोरड्या दिवसांत ती गुडघाभर उंचीवर छाटली की तिला अनेक लवचिक फांद्या फुटतात. वरच्या रांगेत सुमारे १२ फुटांवर एक झाड मोठे होऊ द्यावे. ते सहा-सात फुटांच्या उंचीवर, म्हणजे गुरांच्या तोंडाबाहेर, दर दोन-तीन वर्षांनी निष्पर्ण अवस्थेत छाटावे. या छाटणीने सरपण व नव्या लागवडीसाठी खुंट मिळतात, आणि झाडाचा भारही कमी राहतो. वाळुंजाचे लाकूड मऊ असल्याने वाऱ्यात त्याच्या जड फांद्या मोडतात. फार उंच वाढलेले झाड उन्मळले तर काठाचा मोठा लचकाच घेऊन पडते. पावसाळ्याच्या तोंडी मात्र छाटणी करू नये. पुराच्या वेळी काठावर फांद्या असणे आवश्यक असते.

बागाईतदारांचे आक्षेप

सावलीने पीक दबते, असा पहिला आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही, पण सर्वत्र सारखा लागूही होत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने ओढा मळ्याच्या उत्तरेस असेल, तर रब्बीच्या दिवसांत सावली पिकावर न पडता ओढ्यावरच पडते. ओढा दक्षिणेस असेल तर छाटणी दर वर्षी करून झाडे ठेंगणी राखावीत. चार-पाच फूट रुंदीच्या पट्ट्यात पीक थोडे उणे येईल, हे मान्य करावे. तोच पट्टा पात्रात गेला तर तेथे काहीच येणार नाही.

झाड पाणी पिते, हा दुसरा आक्षेप. वाळुंज पुष्कळ पाणी घेतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून जेथे पिण्याच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात आटते, तेथे विहिरीच्या वरच्या अंगास त्याची दाट रांग लावू नये. तेथे वाळा व गवत यांवर भर द्यावा.

तिसरा आक्षेप शेजाऱ्याचा असतो आणि त्यात तथ्य आहे. एका बाजूचा काठ भक्कम केला व समोरचा उघडा राहिला, तर प्रवाहाचा जोर समोर वळू शकतो. भाऊबंदकीतील कित्येक तंटे अशाच कामातून उद्भवतात. यास्तव ओढ्याच्या दोन्ही तीरांवरील खातेदारांनी एकत्र बसून, निदान एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंतचा पल्ला एकदम हाती घ्यावा. पात्र व काठ यांची हद्द महसूल खात्याकडून समजावून घ्यावी, आणि जागा सरकारी असल्यास ग्रामपंचायतीमार्फत परवानगी घेऊनच काम करावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

२०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. त्यात व त्यानंतर राज्यात अनेक ओढे-नाले खोल व रुंद करण्यात आले. पाणी साठविण्याचा हेतू योग्यच होता. परंतु यंत्राने पात्र खोदताना जेथे काठावरील झुडपे व झाडे निघाली आणि उकरलेली माती काठावरच सैल रचून ठेवली गेली, तेथे तीच माती पावसाने पुन्हा पात्रात उतरते. खोलीकरणावर केलेला खर्च गाळात जाऊ द्यायचा नसेल, तर काठावरील लागवड हा त्या कामाचाच भाग मानला पाहिजे. ती नंतर सवडीने करण्याची शोभेची गोष्ट नव्हे.

२०१९ साली राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडण्यात आला होता. मोठ्या आकड्यांनी उत्साह येतो, हे खरे. पण ओढ्याच्या काठास आकड्याशी कर्तव्य नसते. गावपातळीवरील कार्यकर्त्याने आपल्या नोंदवहीत खड्ड्यांची संख्या लिहावी, पण तेथेच थांबू नये. दुसरा उन्हाळा संपल्यावर किती खुंट जिवंत आहेत, हेही लिहावे. त्याहून चांगली खूण म्हणजे वळणाच्या माथ्यावर, काठापासून २० फूट आत, एक दगड रोवून ठेवावा आणि दर पावसाळ्यानंतर त्या दगडापासून काठापर्यंतचे अंतर मोजावे. २० चे १९ झाले की १८ झाले, की ते २० च राहिले, यावरून काम साधले की नाही हे निरक्षर माणसालाही कळते. या मोजमापास यंत्र लागत नाही व पैसाही लागत नाही.

याचबरोबर कार्यकर्त्याने हिवाळ्यात एकदा शिवारातील ओढा उगमापासून गावच्या हद्दीपर्यंत पायी पाहावा. वाळुंजाची जुनी झाडे कोठे उरली आहेत, कोणत्या वळणावर काठ तुटतो आहे आणि कोणत्या खातेदाराची जमीन जाते आहे, हे वयस्कर शेतकऱ्यांना बरोबर घेऊन टिपून ठेवावे. उरलेली झाडे हीच गावाची खरी रोपवाटिका होय. त्यांच्या मालकांना समजावून ती राखली, तर पुढील लागवडीचे साहित्य फुकट मिळते. ती तुटली, तर तेच साहित्य दूरवरून आणावे लागते आणि ते त्या गावच्या मातीतले नसते.

शेतकरी बंधूंनी या कामासाठी कोणत्याही योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. कोयता, पहार, चार काटेरी फांद्या आणि घरच्या माणसांचे दोन दिवसांचे श्रम एवढ्यावर पहिल्या वळणाचे काम सुरू होऊ शकते. मळ्यातील पिकाला जितके जपले जाते तितकेच पहिली दोन वर्षे काठावरच्या या खुंटांना जपावे. विहिरीपासून व घरापासून दूर आणि पात्राच्या बाहेर, योग्य जागी लावलेला वाळुंज पुढे फारसे काही मागत नाही. आणि सातबारावर जेवढी जमीन लिहिली आहे तेवढी प्रत्यक्षात मुलाबाळांच्या हाती द्यावयाची असेल, तर तिची राखण बांधावर जशी करावी लागते तशीच ओढ्याच्या काठावरही करावी लागेल.